दुर्गाबाईंचा न्यायविचार आणि कुटुंब न्यायालये

महाराष्ट्रात दुर्गाबाई देशमुख हे नाव बहुधा चिंतामणराव देशमुखांच्या नावाला जोडूनच उच्चारले जाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे बाणेदार गृहस्थ म्हणून चिंतामणराव मराठी माणसाला सुपरिचित आहेत. त्यांच्या पत्नी त्या दुर्गाबाई, एवढ्या ओळखीवर आपण सहसा थांबतो. वस्तुतः चिंतामणरावांशी १९५३ साली विवाह होण्यापूर्वीच दुर्गाबाईंच्या नावावर तीन कारावास, वकिलीतील कीर्ती, संविधान सभेतील कामगिरी आणि एक नावारूपाला आलेली स्त्रीसंस्था जमा होती. शिवाय आज ज्या कौटुंबिक न्यायालयांच्या दारात असंख्य स्त्रिया पोटगीसाठी, मुलांच्या ताब्यासाठी वा विवाहबंधनातून सुटकेसाठी उभ्या असतात, त्या न्यायालयांची गरज या देशात प्रथम आग्रहाने मांडण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. ही कल्पना त्यांना का सुचली आणि तिच्यामागे न्यायाचा कोणता विचार होता, हे त्यांचे चरित्र पाहिल्यावाचून नीट उमगत नाही. तो विचार ध्यानी घेतल्यास या न्यायालयांत आज काय उणे आहे तेही स्पष्ट होते.

आठव्या वर्षीचा विवाह

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी गोदावरीकाठच्या राजमहेंद्री येथे झाला. आंध्रातील मध्यमवर्गीय घराण्यांच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षीच त्यांचा विवाह लावून देण्यात आला. बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा संमत व्हायला अजून बारा वर्षे अवकाश होता. विवाह म्हणजे काय हे कळू लागले तेव्हा त्या मुलीने आपण सासरी नांदायला जाणार नाही असे निश्चयाने सांगितले. वडील आणि भाऊ यांनी तिची बाजू घेतली, आणि ते नाते पुढे न जाता तिथेच संपले. त्या गृहस्थांनी पुढे दुसरा विवाह केला. कालांतराने ते निवर्तले तेव्हा त्यांच्या विधवा पत्नीला शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्यास दुर्गाबाईंनीच साह्य केले. एका अन्यायकारक रूढीने दोन स्त्रियांच्या आयुष्यांची जी गुंतागुंत करून ठेवली होती, ती त्यांनी अशा रीतीने कटुतेविना सोडवली.

या प्रसंगातील एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. दुर्गाबाई सुटल्या त्या कायद्याच्या बळावर नव्हे. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. उलट पत्नीला नांदावयास भाग पाडण्यासाठी पतीला न्यायालयात दावा लावता येत होता. मुंबईत रखमाबाईंवर असाच दावा झाला होता आणि पतीच्या घरी जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय १८८७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्यापुढे ठेवला होता. पुढे तडजोड झाली आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, हा भाग वेगळा. दुर्गाबाईंवर तशी पाळी आली नाही, कारण त्यांचे वडील व भाऊ समंजस होते आणि पतिपक्षही हटून बसला नाही. म्हणजे एका मुलीचे सारे भवितव्य चार पुरुषांच्या भलेपणावर अवलंबून होते. ज्या मुलीच्या वाट्याला असा भलेपणा येत नाही तिने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न पुढे त्यांच्या सर्व कार्यात निरनिराळ्या रूपांनी दिसतो.

काकीनाड्याची थैली

सार्वजनिक कार्याची दीक्षा त्यांनी फारच लहान वयात घेतली. इंग्रजी माध्यमाची सक्ती मान्य नाही म्हणून बाराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली, स्वतः हिंदी शिकल्या आणि राजमहेंद्रीत मुलींसाठी हिंदी पाठशाळा काढली. १९२१ साली महात्मा गांधी काकीनाड्यास येणार होते. तेथील देवदासी आणि पडद्यातील मुसलमान स्त्रिया यांना गांधीजींचे विचार ऐकता यावेत असे या मुलीच्या मनात आले. स्थानिक कार्यकर्त्यांनी पाच हजार रुपयांची थैली जमवण्याची अट घातली. ती रक्कम या उपेक्षित स्त्रियांनीच उभी केली. अवघ्या काही मिनिटांसाठी ठरलेली ती सभा लांबली, आणि गांधीजींच्या हिंदी भाषणाचा तेलुगू अनुवाद दुर्गाबाईंनी इतका सफाईने केला की पुढील सभांतही हे काम त्यांच्याकडेच सोपवण्यात आले.

१९२३ साली काकीनाड्यालाच काँग्रेसचे अधिवेशन भरले. खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असताना तिकीट नाही म्हणून त्यांनी खुद्द जवाहरलाल नेहरूंना अडवले ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिकीट आणले गेल्यावरच नेहरूंना आत सोडण्यात आले. नियम सर्वांना सारखा, हा त्यांच्या स्वभावाचा गाभा त्या प्रसंगात दिसला. परंतु नियम सर्वांना सारखा असला तरी सर्वांच्या पदरी सारखेच पडते असे नाही, हे ज्ञान त्यांना व्हायचे होते. ते झाले तुरुंगात.

तुरुंगातील धडा

मिठाच्या सत्याग्रहात १९३० साली दुर्गाबाई मद्रासेत अग्रभागी होत्या. १९३० ते १९३३ या काळात त्यांना तीनदा कारावास घडला. मदुराईच्या तुरुंगात त्यांना एकांतवास सोसावा लागला, आणि त्याने त्यांची प्रकृती खालावली. वेल्लोरच्या तुरुंगात मात्र त्यांचा संबंध सामान्य स्त्री कैद्यांशी आला. यांतील कित्येक बायकांना आपल्यावर आरोप काय होता, साक्ष कोणी दिली, आपण कशाला मान डोलावली याचा धड पत्ताही नव्हता. निरक्षरतेमुळे आणि भीतीपोटी, न केलेला गुन्हा कबूल करून काहीजणी शिक्षा भोगत होत्या. न्यायालय होते, कायदा होता, न्यायाधीशही पक्षपाती होता असे नव्हे. तरीही न्याय झालेला नव्हता. कारण न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या व्यक्तीला बोलता येत नव्हते, आणि तिच्या वतीने बोलायला कोणी नव्हते.

आपण कायदा शिकायचा आणि अशा स्त्रियांच्या बाजूने उभे राहायचे, हा निर्धार त्यांनी तुरुंगातच केला. शाळा बाराव्या वर्षी सुटलेली. चोविशीच्या घरात असलेल्या या स्त्रीने बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा बाहेरून दिली. पुढे वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात प्रवेश मागितला, तेव्हा मुलींसाठी वसतिगृह नाही या सबबीवर कुलगुरूंनी नकार दिला. दुर्गाबाईंनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन उच्च शिक्षणाची इच्छा असलेल्या मुली गोळा केल्या, त्यांचे वसतिगृह सुरू केले आणि प्रवेश मिळवला. राज्यशास्त्रातील पदवी संपादन करून त्यांनी १९४२ साली मद्रास विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि मद्रासेत वकिली सुरू केली. फौजदारी दाव्यांत त्यांचे नाव लवकरच गाजू लागले.

याच काळात, १९३७ साली, मद्रासेत आंध्र महिला सभेचा पाया घातला गेला. अर्ध्यावर शिक्षण सुटलेल्या मुली, परित्यक्ता व विधवा यांना थोड्या अवधीत परीक्षेस बसवावयाचे, हस्तव्यवसाय वा शुश्रूषेचे शिक्षण द्यावयाचे आणि स्वतःची मिळकत असलेली व्यक्ती म्हणून त्यांना समाजात परत पाठवावयाचे, असे या संस्थेच्या कार्याचे स्वरूप होते. प्रौढ स्त्रियांसाठीचे संक्षिप्त अभ्यासक्रम पुढे सरकारी योजना म्हणून देशभर गेले त्यांचे मूळ येथे आहे. एका हाताने वकिली आणि दुसऱ्या हाताने ही संस्था, असा दुर्गाबाईंचा तो काळ होता. ही दोन कामे त्यांना वेगळी वाटत नव्हती. पतीविरुद्ध दाद मागणाऱ्या स्त्रीला वकील लागतो हे जितके खरे, तितकेच दावा चालू असेपर्यंत तिला दोन वेळचे अन्न आणि डोक्यावर छप्पर लागते हेही खरे. दुसरी सोय नसेल तर पहिली निरुपयोगी ठरते. दावा निकाली निघण्याआधीच ती स्त्री थकून माघार घेते.

संविधान सभा ते योजना आयोग

१९४६ साली दुर्गाबाई मद्रास प्रांतातून संविधान सभेवर निवडून आल्या. सभेतील पंधरा स्त्रियांपैकी त्या एक. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत कामकाज चालवण्यासाठी नेमलेल्या सभापतींच्या तालिकेतील त्या एकमेव स्त्री सदस्य होत्या. न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य, राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी वयाची अट पस्तिसावरून तिसावर आणणे, हिंदुस्थानी भाषेचा पुरस्कार अशा नाना विषयांवर त्यांनी दुरुस्त्या मांडल्या आणि भाषणे केली. हिंदू संहिता विधेयकाला त्यांचा ठाम पाठिंबा होता, आणि कन्येला वडिलांच्या संपत्तीत वाटा मिळाला पाहिजे ही त्यांची भूमिका होती. त्या विधेयकाचे भवितव्य सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९५१ साली कायदामंत्रिपद सोडावे लागले, आणि १९५५ व १९५६ या वर्षांत ते विधेयक चार तुकड्यांत, बरेच पातळ होऊन संमत झाले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळण्यासाठी देशाला २००५ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. दुर्गाबाईंच्या आंध्राने मात्र १९८६ साली आणि महाराष्ट्राने १९९४ साली आपापल्या दुरुस्त्या करून त्यापूर्वीच ते पाऊल टाकले होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दुर्गाबाई पराभूत झाल्या. त्यानंतर नेहरूंनी त्यांना योजना आयोगावर घेतले. चिंतामणराव तेव्हा अर्थमंत्री आणि आयोगाचे सदस्यही होते. या सहवासातून दोघांचा विवाह जानेवारी १९५३ मध्ये नोंदणी पद्धतीने झाला, आणि साक्षीदारांत स्वतः पंतप्रधान होते. चिंतामणराव विधुर होते, आणि दोघांचीही चाळिशी उलटून गेली होती. दोन प्रौढ व्यक्तींनी परस्परांच्या कार्याचा मान राखून केलेला हा करार होता. ज्या स्त्रीचे पहिले लग्न तिला न विचारता आठव्या वर्षी लावले गेले होते, तिने आपला दुसरा विवाह अशा रीतीने केला. पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी चिंतामण आणि मी असे नाव दिले. त्या नावातील बरोबरीची भावना पुरेशी बोलकी आहे.

योजना आयोगात समाजसेवांचा विषय दुर्गाबाईंकडे होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा २,०६९ कोटी रुपयांचा होता. त्यात स्वयंसेवी समाजकल्याण संस्थांना साह्य देण्यासाठी चार कोटींची तरतूद करण्यात आली. दर हजार रुपयांमागे दोन रुपयेही न भरणारी ही रक्कम. परंतु धरणे, कालवे आणि कारखाने यांच्या हिशेबात स्त्रिया, मुले आणि अपंग यांच्या कल्याणाला स्वतंत्र रकाना मिळाला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तिच्या विनियोगासाठी ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. सुमारे पंचवीस खेड्यांचा गट करून तेथे बालवाडी, प्रसूतीची सोय, प्रौढ स्त्रियांचे शिक्षण आणि हस्तव्यवसाय यांची व्यवस्था करण्याचे कल्याण विस्तार प्रकल्प १९५४ पासून सुरू झाले. हजारो ग्रामसेविकांना यातून काम मिळाले. स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा आल्याशिवाय तिला मिळालेले कायदेशीर हक्क कागदावरच राहतात, हे अर्थशास्त्रीय सत्य त्यांनी प्रशासनाच्या भाषेत उतरवले.

चीनमधून आणलेली कल्पना

१९५३ साली दुर्गाबाई चीनला गेल्या. तेथे १९५० साली नवा विवाह कायदा झाला होता. बालविवाह, उपपत्नी ठेवण्याची प्रथा आणि बळजबरीचे विवाह यांना त्याने बंदी केली होती आणि स्त्रीला घटस्फोटाचा समान अधिकार दिला होता. तो अंमलात आणण्यासाठी १९५३ मध्ये देशव्यापी मोहीम चालू होती. कौटुंबिक वाद इतर दिवाणी दाव्यांच्या ढिगाऱ्यात न टाकता वेगळेपणाने, साध्या पद्धतीने आणि शक्य तर समेटाने हाताळण्याची तेथील व्यवस्था दुर्गाबाईंच्या नजरेत भरली. चीनची राज्यपद्धती वेगळी होती, आणि तेथील समेटात पक्षाच्या दडपणाचा भागही होता. दुर्गाबाईंनी तेथील राज्यपद्धतीची भलावण केली नाही. कुटुंबातील वादासाठी वेगळे न्यायालय असावे हे तत्त्व मात्र त्यांनी उचलले.

परत आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी, तसेच पंतप्रधान नेहरूंशी या विषयावर चर्चा केली. यातील दोन्ही न्यायमूर्तींची निवड अर्थपूर्ण होती. मुंबई प्रांताने १९४६ सालीच हिंदूंतील द्विभार्याविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा १९५१ साली या दोघांच्याच पीठाने तो वैध ठरवला होता. त्याच निकालात, धर्मनिहाय व्यक्तिगत कायदे संविधानातील मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत, असेही मत व्यक्त झाले. म्हणजे सुधारणा करायची तर ती विधिमंडळाने करावी, न्यायालयाने आपण होऊन नव्हे. व्यक्तिगत कायद्यांतील विषमता एका फटक्यात जाणार नाही हे उघड झाले होते. अशा वेळी निदान ज्या दारात स्त्री दाद मागायला येते ते दार तरी तिला परके, खर्चिक आणि भीतिदायक वाटू नये, ही दुर्गाबाईंची मागणी अधिकच सयुक्तिक ठरत होती.

एकतीस वर्षांचा विलंब

ही मागणी प्रत्यक्षात येण्यास तीन दशके लागली. स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीने १९७४ च्या आपल्या अहवालात कुटुंबविषयक सर्व वाद वेगळे हाताळावेत अशी शिफारस केली. विधी आयोगाच्या एकोणसाठाव्या अहवालानेही त्याच वर्षी ही दिशा दाखवली. १९७६ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी वेगळ्या पद्धतीची तरतूद झाली, पण ती बव्हंशी पुस्तकातच राहिली. अखेर सप्टेंबर १९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. तो पाहण्यास दुर्गाबाई नव्हत्या. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले होते. पुढल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, चिंतामणरावही गेले. १९७५ साली पतिपत्नी दोघांचाही पद्मविभूषणाने गौरव झाला होता. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथील कौटुंबिक न्यायालये १९८९ साली सुरू झाली.

या कायद्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. विवाह, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि पतिपत्नींमधील मिळकतीचे वाद एका छताखाली आले. कोणाही पक्षकाराची इच्छा असल्यास सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. पुराव्याचे काटेकोर तांत्रिक नियम शिथिल झाले, समुपदेशकांची योजना झाली आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीत स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे सांगितले गेले. वकील देण्याचा अधिकार हक्क म्हणून उरला नाही. न्यायालयाच्या परवानगीने तो देता येतो. सामान्य स्त्रीला आपली कैफियत स्वतः मांडता यावी हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्र शासनाने १९९४ साली अशा दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून सूट दिली, तेही त्याच हेतूला धरून होते.

तथापि या कायद्याच्या उद्देशात समेट आणि शीघ्र निकाल यांचा निर्देश आहे, समतेचा नाही. न्यायाधीश निवडताना विवाहसंस्थेचे रक्षण करण्याची निष्ठा पाहावी असे तो सांगतो. समेट ही चांगली गोष्ट आहे. परंतु समेट दोन समान बलाच्या पक्षांत होतो तेव्हाच. ज्या स्त्रीला स्वतःचे उत्पन्न नाही, माहेरचे दार बंद आहे आणि पोटगीचा तात्पुरता हुकूमही लांबणीवर पडला आहे, तिच्यापुढे समेटाचा कागद ठेवला म्हणजे ती सही करते. ती सही संमतीची की नाइलाजाची, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही. व्यवहारशास्त्राचा साधा नियम आहे, ज्याला थांबणे परवडते त्याच्या अटीवर सौदा होतो. वेल्लोरच्या तुरुंगातील त्या बायकांची मान जशी डोलली, तशीच येथेही डोलू शकते.

पोटगीचा इतिहास याचीच साक्ष देतो. फौजदारी प्रक्रिया संहितेखाली मिळणाऱ्या पोटगीची कमाल मर्यादा १९५५ साली दरमहा पाचशे रुपये ठरली. काही राज्यांनी आपापल्या परीने ती वाढवली, पण केंद्रीय कायद्यातील पाचशेचा आकडा २००१ पर्यंत तसाच राहिला. सेहेचाळीस वर्षांत धान्याचे भाव किती पटींनी चढले हे कोणत्याही गृहिणीला विचारावे. २००१ साली मर्यादा गेली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे ठरले. तरी पतीचे खरे उत्पन्न किती हा प्रश्न उरलाच. पगारदाराचा पगार कळतो. दुकानदार, ठेकेदार वा बागायतदार यांचे उत्पन्न शोधून काढण्याचे ओझे पत्नीवरच पडत असे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच दाखल करावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे निर्देश दिले, तेव्हा कुठे या ओझ्याची वाटणी झाली. हुकूम मिळाल्यावर वसुलीचे नवे पर्व सुरू होते ते निराळेच. थकलेल्या रकमेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, तोही वर्षाच्या आत. संहितेची जागा आता २०२४ पासून नव्या संहितेने घेतली असली तरी वसुलीचा हा मार्ग तोच आहे.

भौगोलिक अंतराचाही विचार करावयास हवा. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत कुटुंब न्यायालय स्थापणे कायद्याने आवश्यक आहे. इतरत्र ते सरकारच्या इच्छेवर आहे. शेतमजुरी करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या गावी तारखेला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय प्रवासखर्च आणि तान्हे मूल सांभाळण्याची चिंता. तारीख पुढे गेली की हाच खर्च पुन्हा. न्यायालयीन शुल्क माफ झाले तरी न्यायाची किंमत अशी दुसऱ्या वाटेने वसूल होतच राहते. दुर्गाबाईंचे कल्याण प्रकल्प पंचवीस खेड्यांच्या गटाला धरून आखले गेले होते, त्यामागील धोरण येथे आठवते. सेवा स्त्रीच्या पायापर्यंत नेली पाहिजे, तिला सेवेच्या दारापर्यंत ओढून आणून भागत नाही.

दुर्गाबाईंच्या आयुष्यात वकिली, वसतिगृह, शिक्षणवर्ग, रुग्णालय आणि योजना आयोग ही कामे एकमेकांत गुंतलेली होती. त्यांना न्यायालयाबरोबर निवारा, निवाऱ्याबरोबर शिक्षण आणि शिक्षणाबरोबर रोजगार अशी साखळीच अभिप्रेत होती असे त्यांच्या कार्यक्रमावरून दिसते. आपण त्यातील एकच कडी उचलली. न्यायालयाची इमारत उभी केली; पण तेथे येणाऱ्या स्त्रीला दावा चालू असताना राहायला जागा, शिकायला वर्ग आणि कमवायला काम कोण देणार हा प्रश्न अन्य खात्यांवर सोडून दिला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकारी, निवारागृहे आणि सहवासाच्या घरात राहण्याचा हक्क या गोष्टी आणल्या आणि ही दाद कुटुंब न्यायालयातही मागता येईल असे सांगितले, तेव्हा तुटलेल्या साखळीचे एक टोक पुन्हा हाती आले. ते धरून पुढे जाणे हे काम अद्याप शिल्लक आहे.

त्यासाठी फार अचाट गोष्टी कराव्या लागणार नाहीत. पोटगीचा हुकूम झाल्यावर ती वसूल करून स्त्रीच्या बँक खात्यात जमा करण्याची जबाबदारी न्यायालयाच्या यंत्रणेने घ्यावी, आणि पती टाळाटाळ करीत असेल तर काही काळ ती रक्कम सरकारने आगाऊ देऊन नंतर पतीकडून वसूल करावी. मोठ्या तालुक्यांच्या गावी ठरलेल्या दिवशी कुटुंब न्यायालयाने फिरते कामकाज करावे. समुपदेशकांना स्थायी नेमणूक आणि पुरेसा पगार द्यावा, आणि समेट झालेल्या प्रकरणांत वर्षभराने काय स्थिती आहे याची पाहणी करणे त्यांच्या कामाचा भाग असावा. न्यायालयाच्या आवारातच निवारागृह आणि व्यवसायशिक्षण यांची माहिती देऊन नावनोंदणी करणारा कक्ष असावा. या सर्वांना पैसा लागेल हे उघड आहे. अंदाजपत्रकाच्या प्रमाणात तो नगण्य असेल, हेही तितकेच उघड आहे. पहिल्या योजनेतील चार कोटींतून काय उभे राहिले ते पाहिले म्हणजे प्रश्न पैशाचा कमी आणि अग्रक्रमाचा अधिक आहे हे ध्यानी येते.

आठव्या वर्षी लग्न झालेली एक मुलगी घरच्या माणसांच्या समंजसपणामुळे सुटली आणि तिने उरलेले आयुष्य तो समंजसपणा ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांच्यासाठी वेचले. कुटुंब न्यायालये ही त्या आयुष्याची एक देणगी आहे. तिचे मूल्यमापन निकालात काढलेल्या दाव्यांच्या संख्येवरून किंवा जुळलेल्या संसारांच्या आकड्यांवरून करण्याची प्रथा पडली आहे. त्याऐवजी हुकूम घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रीच्या हाती पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेला काय पडले, हे मोजले जावे. न्यायालय समतेच्या बाजूने उभे आहे की नाही, याचा निर्णय त्या मोजणीनेच होईल.